नायिका मेली की नाटक पुरोगामी?

आधुनिक असमिया नाटकाचा विषय निघाला की कौतुकाची एक ठरलेली टेप लागते. तिकडच्या नाटकांची नावंच बघा, म्हणतात. ‘जयमती’, ‘साधनी’, ‘शोणित कुंवरी’, ‘रूपालीम’, ‘लभिता’. सगळी बायकांची. बाकीचा देश राजे, संत आणि सेनापती रंगवण्यात दंग होता, तेव्हा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला नाटककार बाईला रंगमंचाच्या मधोमध उभी करत होता. शिवाय ईशान्येत बाईला मान असतोच. पडदा नाही, हुंडा नाही, घरोघरी माग आणि मागावर बाई. तेव्हा पितृसत्ता वगैरे आपली दुखणी तिकडे नेऊन चिकटवू नका. वैष्णव संत शंकरदेवांच्या काळी बाई देवाच्या सावलीत होती, १८५७मध्ये आधुनिक नाटक आलं आणि ती माणूस झाली. इति कौतुकपुराण.

हे इतक्या वेळा म्हटलं गेलंय की आता कुणी पुरावासुद्धा मागत नाही. पुरावा शोधायला फार लांब जायला नको, नाटकं शेवटपर्यंत वाचली तरी पुरे. पडदा पडतो तेव्हा या बायकांचं काय झालेलं असतं?

गुणाभिराम बरुआंच्या ‘राम-नवमी’तली नवमी मरते. जयमती छळ सोसून मरते. राणी साधनीची सगळी कीर्तीच चालून आलेल्या अहोम राजांच्या हाती न लागता डोंगरावरून घेतलेल्या उडीची. ज्योतिप्रसाद आगरवालांच्या ‘कारेंगर लिगिरी’त कांचनमती जीव देते आणि नंतर शेवालीही देते. रूपालीमचा घास तिचाच समाज घेतो. लभिता मरते. या यादीतून ‘शोणित कुंवरी’तली उषा तेवढी जगते, मनासारखा नवराही मिळवते, पण तिची गोष्ट पुराणातून आलेली, तिला मारायची सोय नाटककाराकडे नव्हती. आधुनिकतेने घडवलेली नायिका मात्र एकजात स्मशानात. आणि आम्ही टाळ्या वाजवून म्हणायचं, पाहा, बाईला केंद्रस्थान!

यावर पहिलं उत्तर तयार असतं: अहो, शोकांतिका आहेत त्या, शोकांतिकेत माणसं मरायचीच. मरायचीच, कबूल. पण मरणाची वाटणी बघा ना. जयमती मरते आणि तिचा नवरा गदापाणि राजा होतो. शेवाली मरते आणि राजपुत्र सुंदर कोंवर शोक करायला मागे उरतो. नायिकेच्या मरणातून तिच्या हाती काही येत नाही. नवऱ्याला गादी मिळते, प्रियकराला पश्चात्ताप मिळतो, प्रेक्षकाला रडू मिळतं. ‘राम-नवमी’त रामही मरतो, हा अपवाद आहे आणि तो प्रामाणिक आहे. पण अशा अपवादांवर परंपरा उभी राहत नाही.

आता त्या ‘अंधाऱ्या’ मध्ययुगाकडे जरा वळून बघू. शंकरदेव १५६८मध्ये गेले. त्यांचे आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांचे अंकिया नाट म्हणजे भक्तीच्या प्रचारासाठी ब्रजावली या मिश्र काव्यभाषेत लिहिलेली नाटकं. सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत मंचावर, प्रत्येक प्रसंगाचा अर्थ लावून देणारा. नामघरात (गावच्या प्रार्थनागृहात), सत्रात (वैष्णव मठात) भाओना, म्हणजे या नाटांचा प्रयोग व्हायचा आणि स्त्रीभूमिका पुरुषच करायचे. या जगाला स्त्रीमुक्तीचं म्हणावं, असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण ‘पारिजात हरण’ काढून वाचा. नारदाने आणलेलं पारिजाताचं फूल कृष्ण रुक्मिणीला देतो. ही बातमी नारदच जाऊन सत्यभामेच्या कानावर घालतो. मग सत्यभामा जे काही करते ते बघण्यासारखं आहे. ती रुसते, कोसळते, कृष्णाला नाही नाही ते सुनावते. एक फूल सवतीला दिलंस ना, मला आता अख्खं झाड पाहिजे. कृष्णाबरोबर ती स्वतः निघते; वाटेत नरकासुराचं युद्ध, पुढे इंद्राच्या दारात झाडासाठी भांडण. तिथे इंद्राची शची आणि आपली सत्यभामा एकमेकींची अशी काही उणीदुणी काढतात की देवलोकाची नळावरची रांग व्हावी. शेवटी झाड येतं आणि सत्यभामेच्या दारात लागतं.

तिला राग येतो, हाव सुटते, मत्सर होतो, ती चारचौघांत तोंड सोडते, हवं ते मिळवते आणि नाटक संपल्यावर जिवंत घरी जाते. ‘रुक्मिणी हरण’मधली रुक्मिणी भावाने ठरवलेलं लग्न नाकारून स्वतः कृष्णाकडे निरोप धाडते. ‘पत्नीप्रसाद’मधल्या ब्राह्मणस्त्रिया यज्ञात गुंतलेल्या नवऱ्यांचा हुकूम मोडून भुकेल्या कृष्णाला अन्न घेऊन जातात, आणि नाटक त्यांच्या बाजूने उभं राहतं. मान्य, ही सगळी बंडं देवासाठी आहेत आणि देव पुरुष आहे. म्हणून ती चालवून घेतली गेली. पण मग आधुनिक नाटककाराच्या हातून देव सुटला, सूत्रधार सुटला, आणि त्यांच्याबरोबर बाईचं भांडणसुद्धा का सुटलं? विसाव्या शतकातली एक तरी असमिया नायिका सत्यभामेसारखं मला हे पाहिजे म्हणते का? त्या सगळ्या दुसऱ्या कुणासाठी तरी काहीतरी सोडत असतात. बहुतेक वेळा जीवच.

आता जयमती. तिच्यावर जरा थांबलं पाहिजे, कारण सगळ्या कौतुकाचा मुख्य खांब तीच आहे.

कथा अशी: सतराव्या शतकात, १६७९च्या सुमारास, अहोम गादीवर लरा रजा नावाने ओळखला जाणारा कोवळा राजा बसलेला होता आणि त्याच्या आडून लालुकसोला बरफुकन कारभार हाकत होता. गादीचे दावेदार हेरून त्यांना अपंग करायचा सपाटा चालला होता, कारण अंगात व्यंग असलेला राजपुत्र राजा होऊ शकत नसे. गदापाणि नागा डोंगरात पळाला. मागे राहिलेल्या बायकोला, जयमतीला, पकडून जेरेंगा पथार या मैदानात छळलं, नवरा कुठे आहे सांग म्हणून. ती बोलली नाही आणि मेली. १६८१मध्ये गदापाणि गदाधर सिंह म्हणून राजा झाला. पुढे मुलगा रुद्र सिंह याने शिवसागरला आईच्या नावाने जयसागर तलाव खोदवला.

या कथेतला सर्वांत गाजलेला प्रसंग घ्या. नागा माणसाच्या वेशात गदापाणि छळाच्या जागी येतो. समोर बायको आहे, तिला फटके बसताहेत. तो परक्या माणसासारखा तिला म्हणतो, सांगून टाक ना, कशाला हाल सोसतेस? ती त्याला ओळखते, घाबरते ती त्याच्यासाठी, आणि आडवळणाने त्याला निघून जायला सांगते. आणि तो जातो. या प्रसंगावर पिढ्यान् पिढ्या प्रेक्षक रडत आलेत. रडावं, प्रसंग आहेच तसा. पण एक साधा प्रश्न कुणालाच कसा पडत नाही? तो गेला कसा? दोन पावलांवर बायको मरत असताना उलट पावली डोंगरात परतणारा हा गडी कथेत भित्रा ठरत नाही, वेषांतर करून आला म्हणून उलट शूर ठरतो. तिच्या गप्प राहण्याचं एवढं मोठं देऊळ बांधलंय की त्याच्या जाण्याकडे बघायला कुणाला जागाच उरत नाही.

आणि हे देऊळ बांधलं कधी? जुन्या बुरंजींमध्ये, म्हणजे अहोमांच्या बखरींमध्ये, जयमतीला जागा फारच तोकडी आहे. ती मोठी झाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, असमिया अस्मितेला स्वतःची सीता-सावित्री हवी झाली तेव्हा. पद्मनाथ गोहाईं बरुआंचं ‘जयमती’ १९००चं, लक्ष्मीनाथ बेझबरुआंचं ‘जयमती कुंवरी’ १९१५चं. बंगाली भाषेच्या वरचष्म्याशी झगडणाऱ्या नवशिक्षित पिढीला आपणही एक थोर जात आहोत हे सिद्ध करायचं होतं, आणि थोरपणाचा दाखला म्हणून पुढे केली ती छळ सोसणारी बायको. गादी कुणाची, राज्य कुणाचं, अस्मिता कुणाची? आणि देह कुणाचा? हिशेब इतका उघड आहे की समीक्षकांनी तो न मांडण्यासाठी बरीच मेहनत घेतली असावी.

यावर कुणी म्हणेल, पुढे बायकांनीच तर जयमती उत्सव साजरे केले, महिला समित्यांनी तिला आपलं दैवत केलं. केलंच. घराबाहेर पडून चार बायकांनी सभा भरवायची तर कुणाच्या तरी नावाचा परवाना लागतो, आणि पतिव्रतेच्या नावाचा परवाना नाकारायची हिंमत कुणा सासऱ्यात नव्हती. ही त्या बायकांची हुशारी. तिचं श्रेय नाटककाराच्या खात्यावर जमा करू नका.

बेझबरुआंच्या नाटकात दालिमी नावाची नागा मुलगी आहे. गदापाणिला डोंगरात ती भेटते. हसते, बागडते, मनात येईल ते बोलते. असमिया वाचक तिच्यावर लुब्ध आहेत आणि नाटकातली खरीखुरी जिवंत व्यक्ती तीच, हे मीही म्हणेन. पण ती राहते कुठे? डोंगरात, असमिया घराच्या बाहेर. मोकळी बाई दाखवायची असेल तर ती नागा असली पाहिजे, रूपालीमसारखी कुठल्यातरी कल्पित पहाडी जमातीतली असली पाहिजे. खोऱ्यातल्या कुलीन घरातल्या बाईने मात्र मरून दाखवायचं. मोकळेपणा ‘त्यांच्यात’ असतो, शील ‘आपल्यात’. याला बाईचा सन्मान म्हणतात की जमातीलाही आणि बाईलाही आपापल्या जागी बसवणं म्हणतात?

इथेच ‘ईशान्येत पितृसत्ता नाही’ या लाडक्या समजुतीचाही निकाल लागतो. आपल्याकडे हे वाक्य मोठ्या प्रेमाने बोललं जातं. मेघालयातल्या खासी आणि गारो समाजात घराणं आईकडून चालतं, ते ऐकून सात राज्यांवर एकच शिक्का मारला जातो. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या असमिया हिंदू घरात वंश बापाचाच चालतो. खरी गंमत तर पुढेच आहे. त्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाची बंदी मुख्यतः ब्राह्मण आणि दैवज्ञांसारख्या वरच्या जातींत होती. इतर अनेक जातीजमातींत विधवा पुन्हा संसार थाटत असे आणि त्यावर कुणी नाटक लिहीत नसे. आधुनिक नाटकाने मंचावर आणली ती ब्राह्मणाघरची विधवा, आणि तीच ‘असमिया स्त्री’ ठरली. जिला दुसरा नवरा करायची मुभा होती ती शेतकरीण या इतिहासात सापडतच नाही.

‘राम-नवमी’ हे पहिलं आधुनिक असमिया नाटक मानलं जातं. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६मध्ये, गुणाभिरामांनी नाटक लिहिलं १८५७मध्ये. शिवसागरच्या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांच्या ‘अरुणोदई’त ते प्रसिद्ध झालं. बालविधवा नवमी रामच्या प्रेमात पडते, गर्भवती होते, समाज तुटून पडतो, दोघं मरतात. हेतू सरळ आहे: बघा, तुम्ही लग्नाला मोकळीक दिली नाहीत तर असं होतं. नाटककाराची बाजू कुठली याबद्दल शंका नको. आणि तरीही ‘त्या काळात याहून वेगळं दाखवणं शक्यच नव्हतं’ या सबबीचा फडशा कुणी पाडला असेल तर तो गुणाभिरामांनीच. त्यांनी पुढे विष्णुप्रिया देवी या विधवेशी लग्न केलं. साल १८७०, म्हणजे नाटक पुस्तक म्हणून निघालं तेच. त्या संसाराला मुलंबाळं झाली, विष्णुप्रिया देवींनी पुस्तक लिहिलं, मुलगी स्वर्णलता कलकत्त्याच्या बेथून शाळेत शिकली आणि तिला वैधव्य आलं तेव्हा तिचंही पुन्हा लग्न झालं. पुस्तकात विधवा मरत होती आणि लेखकाच्या घरात विधवा नांदत होती! मग काळाची मर्यादा नेमकी कुणाला आडवी आली? घराला तर आली नाही. मंचाला आली, कारण मंचावर विधवेची कणव वाटायला ती आधी मेलेली असावी लागते. जिवंत, दुसऱ्यांदा लग्न केलेली, चुलीपाशी हसणारी विधवा बघून प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. कपाळाला आठी येते.

‘काळाच्या मर्यादे’चं हे पांघरूण जिथेतिथे ओढलं जातं म्हणून आणखी दोन सालं ध्यानात ठेवा. १८८४मध्ये पद्मावती देवी फुकननी यांची ‘सुधर्मार उपाख्यान’ ही कादंबरी छापून आली होती. आणि १९२५मध्ये असम साहित्य सभेच्या नगाव अधिवेशनात बायकांना चिकामागे, बांबूच्या आडोशाआड बसवलेलं होतं, तेव्हा चंद्रप्रभा शइकियानी व्यासपीठावरून म्हणाल्या, तोडा तो आडोसा आणि बाहेर या. बायका आल्या. लग्नाशिवाय झालेलं मूल एकटीने वाढवणारी ही बाई मेली नाही, तिने उडीही घेतली नाही. पुढच्याच वर्षी महिला समिती उभी केली आणि १९७२पर्यंत जगली. त्याच काळात त्याच खोऱ्यात अशी बाई सभेत बोलत होती. नाटकात तिला प्रवेश मिळाला नाही.

राहता राहिले ज्योतिप्रसाद आगरवाला, आणि कौतुकपुराणाचा सर्वांत भक्कम अध्याय तोच आहे. त्यांचा मोठेपणा मला मान्य आहे, तो कुणाच्या परवानगीचा मोहताज नाही. एडिंबराला शिकून आलेला, जर्मनीत सिनेमाची कला बघून आलेला, तेजपूरचा हा माणूस बायकांवरचा अन्याय ओळखत होता. ‘कारेंगर लिगिरी’, म्हणजे राजवाड्यातली दासी, घ्या. राजमाता मुलाचं, सुंदर कोंवरचं, त्याच्या मनाविरुद्ध कांचनमतीशी लग्न लावते. कांचनमतीचं मन आहे त्याच्या मित्रावर, अनंगरामवर. हे कळताच सुंदर उदार होतो, तिला मित्राकडे पाठवून देतो. केवढा क्रांतिकारक, नाही? पण तिला कुणी विचारलं होतं? सासूने आणली, नवऱ्याने पाठवली. आणणं आणि पाठवणं या दोन्ही क्रिया तिच्यावर घडल्या. तिने स्वतः केलेली एकच मोठी कृती म्हणजे आत्महत्या. मग वाड्यातली दासी शेवाली. तिचं सुंदरवर मूक प्रेम, त्यावरून कुजबुज, राजमातेचा हुकूम आणि शेवाली नागा डोंगरात हद्दपार. सुंदर तिला शोधत येतो, स्वीकारायला तयार असतो, आणि त्याच क्षणी त्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून ती उडी टाकते. समाजाने तिला मारलं म्हणावं तर समाज तिथे नव्हताच. दार उघडं होतं. नाटककारानेच तिला त्यातून जाऊ दिलं नाही.

ज्योतिप्रसादांवर इब्सेनचा प्रभाव होता, हे तर समीक्षक अभिमानाने सांगतात. इब्सेनची नोरा १८७९मध्ये दार आपटून बाहेर पडली, जिवंत. पन्नासएक वर्षांनी त्याच इब्सेनचा वारसा सांगणारी शेवाली दरीत. याला प्रभाव म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

तीच गत ‘रूपालीम’ची. परक्या राजाची नजर तिच्यावर पडते, तो तिला नेतो, आणि हात न लावता परत पाठवतो. तिचे लोक मात्र विश्वास ठेवत नाहीत आणि तिला मरणाची शिक्षा देतात. ही समाजावरची जळजळीत टीका आहे, असं सांगितलं जातं. आहेही. पण टीका करायचा दुसरा मार्गच नव्हता का? बाईला निष्कलंक ठरवायचं, म्हणजे आधी तिच्या ‘पावित्र्या’चा प्रश्न महत्त्वाचा आहे हे मान्य करायचं, मग तिला मारायचं. राजाने हात लावला असता तर? तर शिक्षा योग्य ठरली असती का? नाटक हा प्रश्न विचारत नाही, प्रेक्षकही विचारत नाही. १९४२च्या लढ्यावरची लभिता त्यातल्या त्यात पायावर उभी राहणारी. प्रतिष्ठितांची दारं बंद झाल्यावर ती स्वतःची वाट शोधते, आझाद हिंद सेनेपर्यंत पोचते. तिला देशासाठी मरण मिळालं. म्हणजे प्रगती झाली. नवऱ्यासाठी मरणारी जयमती, प्रियकराच्या अब्रूसाठी मरणारी शेवाली, आणि मग राष्ट्रासाठी मरणारी लभिता.

मंचावरची ही नायिका करायची कुणी, हेही विसरून चालणार नाही. बराच काळ पुरुषच करत. तेजपूरच्या बाण रंगमंचावर काय किंवा इतरत्र काय, लुगडं नेसलेला पुरुष बाईचं शील गाजवायचा. ब्रजनाथ शर्मांच्या कोहिनूर ऑपेराने १९३०च्या दशकात स्त्रियांना मंचावर आणलं, तेव्हा ओरड झालीच. आणि १९३५मध्ये बेझबरुआंच्या नाटकावरून ज्योतिप्रसादांनी ‘जयमती’ हा पहिला असमिया बोलपट काढला, त्यात जयमती झाली गोलाघाटकडची एक खेड्यातली मुलगी, आइदेउ हँडिक. सिनेमात तिने परक्या पुरुषाला नवरा म्हणून हाक मारली. समाजाने तिला वाळीत टाकलं, तिच्या घराला वाळीत टाकलं. तिच्याशी लग्न करायला कुणी पुढे आलं नाही. पतिव्रतेच्या ज्या कथेवर अख्खा प्रांत रडत होता, ती कथा पडद्यावर जिवंत करणाऱ्या मुलीला त्याच प्रांताने नवरा मिळू दिला नाही. पितृसत्ता नाही म्हणणाऱ्यांनी हे एवढं एकदा समजावून सांगावं. सत्कार, गौरव, तिच्यावर सिनेमा, सगळं पुढे झालं, म्हातारपणी आणि मरणानंतर. ज्योतिप्रसादांचा तो बोलपट ही असमिया सिनेमाची सुरुवात, हे दर वर्षी साजरं होतं. त्याच सुरुवातीत एका मुलीचं आयुष्य संपलं, हे तळटीपेत.

तेव्हा ही नाटकं वाचा, शिकवा, मंचावर करा; त्यांची भाषा, त्यांचं धाडस, इतिहासातलं त्यांचं स्थान, कशालाच माझा विरोध नाही. त्यांना शोकांतिका म्हणा, राष्ट्रीय नाटकं म्हणा, समाजसुधारणेची नाटकं म्हणा. पण बाईचं नाव मथळ्यावर आहे म्हणून त्यांना बाईची नाटकं म्हणू नका. मथळ्यावर तर स्मारकाच्या दगडावरही बाईचं नाव असतं. असमिया रंगभूमीवर हट्ट धरणारी, भांडणारी आणि भांडून जिंकणारी बाई होती, ती सोळाव्या शतकात होती, तिचं नाव सत्यभामा होतं, आणि आधुनिकतेने तिची जागा जयमतीला दिली. ही प्रगती नव्हती. ज्यांना ती प्रगती वाटते त्यांनी ‘पारिजात हरण’ आणि ‘कारेंगर लिगिरी’ शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, आणि मग परिसंवादात बोलायला उभं राहावं.